सह्याद्रीचं मूळ समुद्राखाली

ट्रेकला बुटाखाली येणारा काळा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. तेव्हा भारताखाली असलेला ‘हॉटस्पॉट’ आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पण ही उष्णता येते किती खोलून?

प्रावरणात, म्हणजे मँटलमध्ये, ड्रिल पोचत नाही. मग भूकंपलहरींनीच पृथ्वीची ‘सोनोग्राफी’ करायची. गरम खडकातून लहरी हळू जातात. उशीर मोजला की गरम भाग सापडतो. मात्र यंत्रं फक्त जमिनीवर असतील तर समुद्राखालचं चित्र धूसर येतं.

म्हणून २०१२ मध्ये फ्रेंच-जर्मन प्रकल्पाने ५७ भूकंपमापक रियुनियनभोवती समुद्रतळाशी सोडले. तिथे ना जीपीएस, ना चार्जिंग! घड्याळ हळूहळू चुकतं, ते नंतर दुरुस्त करायचं. वर्षभराने जहाजावरून ध्वनिसंकेत दिला की यंत्र खालचं वजन सोडून तरंगत वर येतं. नाही आलं, तर मेहनत अक्षरशः पाण्यात!

२०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: सुमारे २९०० किमी खोल, गाभ्याच्या सीमेवरून निघालेली उष्णता सरळ खांबासारखी नव्हे, तर झाडासारखी फांद्या फुटत वर येते.

पुढच्या ट्रेकला दगडावर टेकाल, तेव्हा हे झाड जरूर आठवा.