जॅक खाली का येत नाही?

दोस्तांनो, गाडीचं चाक पंक्चर झालं की डिकीतून जॅक निघतो. ड्रायव्हरकाका दांडा फिरवतात आणि एवढी मोठी गाडी हळूहळू वर उचलली जाते. हे तुम्ही पाहिलंच असेल. पण मग काका दांडा सोडून दुसरं चाक आणायला जातात, तेव्हा गाडी खाली का येत नाही? तिला कोण धरून ठेवतं?

माझ्या भाचीलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. ती साकीनाक्याला राहते, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला मेकॅनिक्स नावाचा विषय आहे, म्हणजे बल, भार, तोल, घर्षण यांचं शास्त्र. प्रत्येकाने एका साध्या यंत्रावर प्रयोग करायचा आणि त्याचा अहवाल लिहायचा होता. तिच्या वाट्याला आला स्क्रू जॅक.

प्रयोगशाळेतला जॅक दिसायला थोडा वेगळा असतो. एक उभा जाड स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर गोल तबकडी. तबकडीवर भार ठेवायचा. तिच्या कडेला गुंडाळलेली दोरी कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाच्या पारड्यात एकेक वजन टाकत जायचं. तबकडी सावकाश फिरू लागली की भार वर चढतो. भाचीने २० किलो भार ठेवला, तर पारड्यात अवघा १ किलो पुरला! पोरगी खूश.

पण फुकट काही मिळत नाही, बरं का. तबकडीचा व्यास होता २० सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात दोरी ६२.८ सेंटिमीटर खाली येते. आणि भार चढतो किती? फक्त १ सेंटिमीटर, कारण स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर तेवढंच. आता गुणाकार करा. आपण घातलं १ गुणिले ६२.८, आणि मिळालं २० गुणिले १. कार्यक्षमता सुमारे ३२ टक्के! भार ४० किलो केला तेव्हा पारड्यात १.८ किलो लागला. तरी कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपासच. उरलेलं सगळं घर्षणाने खाल्लं.

त्या संध्याकाळी मी गेलो तर बाईसाहेब तोंड पाडून बसलेल्या. वर्गाच्या ग्रुपवर मागच्या कुणाच्या तरी फायलीची पीडीएफ फिरत होती. तिच्यात सुबक तक्ता, सुबक आलेख आणि कार्यक्षमता ६४ टक्के.

"मामा, माझं काहीतरी चुकलंय. सगळे हीच फाइल छापतायत. मीपण आकडे बदलू का?"

खरं सांगू? कॉलेजात असताना मीही सबमिशनं छापली आहेत. त्यामुळे उपदेश करायला तोंड नव्हतं. म्हटलं, "आधी खरा जॅक बघून येऊ, मग काय छापायचं ते छाप."

साकीनाक्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. डोक्यावरून मेट्रो जाते, वर्सोवा ते घाटकोपर, ८ जून २०१४ पासून. खाली अंधेरी-कुर्ला रस्त्याची कायमची गर्दी. आणि खैरानी रोडला वळलात की गाळेच गाळे. कुठे लेथ फिरतोय, कुठे पत्रा कापला जातोय. एका गॅरेजात मेस्त्रीकाकांनी टेम्पो जुन्या स्क्रू जॅकवर उचलून धरला होता.

"काका, दांडा सोडला तर काय होईल?" भाचीने विचारलं.

काकांनी दांडा सोडला आणि फडक्याला हात पुसले. टेम्पो जागचा हलला नाही. "हे होईल," ते म्हणाले. "खाली आणायचा तर उलटा फिरवावा लागतो. आपोआप उतरायला लागला तर आम्ही काम कसं करायचं, बाळ? तरीपण मी घोडी लावल्याशिवाय खाली शिरत नाही." खरंच, टेम्पोखाली लोखंडी घोडी लावलेली होती. (तुम्हीही नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधी हातसुद्धा घालू नका.)

भाची तिथेच वहीवर हिशोब करू लागली. भार १ सेंटिमीटर चढवताना आपण ६२.८ घातले. त्यातले २० भाराला मिळाले, ४२.८ घर्षणात गेले. आता भाराला स्वतःहून १ सेंटिमीटर उतरायचंय. त्याच्याजवळ आहेत किती? फक्त २०. आणि घर्षण मागणार साधारण तेवढेच, ४२.८! खिशात वीस रुपये आणि तिकीट बेचाळीसचं. बसणार कसा गाडीत?

मग तिने पीडीएफमधले ६४ टक्के घेतले. शंभर घातले तर ६४ भाराला, ३६ घर्षणाला. उतरताना घर्षण मागणार ३६ आणि भाराच्या खिशात ६४. म्हणजे दांडा सोडला रे सोडला की दांडा आपोआप उलटा फिरणार, भार धाडकन खाली! कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर गेली की जॅक भार धरून ठेवत नाही. प्रयोगशाळेतला तिचा जॅक तर हात काढला तरी जागेवर राहत होता. मग ६४ आले कुठून? एकाने कधीतरी चुकीचं मोजलं असेल किंवा मनानेच आकडा टाकला असेल. पुढच्यांनी तो नुसता उतरवला.

"मामा, ह्या फायलीतल्या जॅकवर काकांचा टेम्पो..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

घरी आल्यावर अहवाल नव्याने सुरू झाला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष. शाळेत तुम्ही लिहिता तीच शीर्षकं. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक भाराला तीन-तीनदा वजनं टाकून पाहिली. आट्यांमधलं अंतर मोजायला मेस्त्रीकाकांची युक्ती वापरली: एक आटा मोजत बसू नये, पाच आट्यांची लांबी मोजावी आणि पाचाने भागावं. रिकामी तबकडी फिरवायलाही थोडं वजन लागतंच, तेही नोंदवलं. आकृती हाताने काढली, थोडी वाकडी आली.

लायब्ररीतून घर्षणाचा इतिहासही शोधून आणला. घर्षणाचे मूळ नियम लिओनार्दो दा विंचीला १४९३ च्या सुमारासच उमगले होते, पण ते त्याच्या वह्यांतच राहिले. फ्रान्सच्या आमोंतोंने १६९९ मध्ये ते पुन्हा शोधून विद्वानांपुढे मांडले. मधली दोनशे वर्षं वाया! वेळेवर अहवाल लिहिला नाही की असं होतं, असं आमच्या बाईसाहेबांचं मत.

अहवाल पाहून सरांनी विचारलं, "बाकी सगळ्यांचे ६४, तुझेच ३२ कसे?" तिने कच्ची वही पुढे केली. खाडाखोडीसकट. सरांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "आता आट्यांना ग्रीस लावून परत मोज."

काल तिचा फोन आला होता. ग्रीस लावल्यावर २० किलोला ९०० ग्रॅममध्ये काम झालं, म्हणजे ३५ टक्के. जॅक अजूनही जागेवर थांबतो. आता तिला हे जाऊन मेस्त्रीकाकांना सांगायचंय.