नको असलेले केस : उपायांचा जमाखर्च

लग्नसराई जवळ आली की उपवर कन्येच्या तयारीच्या यादीत शालू-दागिन्यांच्या जोडीला आता आणखी एक बाब हमखास येते. ती म्हणजे हातापायांवरील आणि चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांचा बंदोबस्त. ‘सहा बैठकांत कायमची मुक्ती’ अशा जाहिराती जागोजागी झळकतात. एरवी मालाची पारख केल्याशिवाय पैसा न सोडणारी व्यापारी घरेही येथे मात्र जाहिरातीवर विसंबतात. वास्तविक प्रत्येक उपायाचा जमाखर्च निराळा आहे.

केसाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. त्याचे मूळ त्वचेच्या आत असते. वाढ, उतार आणि विश्रांती अशा अवस्थांतून प्रत्येक केस जातो व सर्व केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. त्यामुळे कोणताही उपाय एका दिवसात सर्व केसांचा निकाल लावू शकत नाही. उपाय केसाला कोठे गाठतो, यावर त्याचा टिकाऊपणा अवलंबून असतो.

वरवरचे उपाय

रेझर सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित. परंतु एक-दोन दिवसांतच खुंट हाताला लागतात. रेझरने केस दाट होतात, हा समज घरोघरी रूढ आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजमापे घेऊन तो खोडून काढला. कापलेल्या केसाचे टोक बोथट होते, म्हणून तो राठ भासतो इतकेच.

केस काढण्याच्या क्रीममधील थायोग्लायकोलेट हे रसायन केसातील केराटिन नावाचे प्रथिन विरघळवते. तेच प्रथिन त्वचेतही असल्याने सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ क्रीम ठेवल्यास त्वचा भाजते. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहणे इष्ट. पूर्वी यासाठी हरताळ व चुना यांचा लेप वापरीत. हरताळ हे आर्सेनिकयुक्त खनिज आहे. तेव्हा जुने ते सारेच निर्धोक, असेही मानू नये.

मुळापासून उपटणे

वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांत केस मुळासकट निघतो, म्हणून तीन ते सहा आठवडे निभावतात. मोबदल्यात वेदना, लाली आणि कधी कधी त्वचेखालीच वळून वाढणारे केस सोसावे लागतात. मुरुमांसाठी रेटिनॉइड वर्गातील औषध घेणाऱ्यांनी वॅक्सिंग टाळावे, कारण त्यांची नाजूक झालेली त्वचा सोलून निघू शकते.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी येथे वेष्टन वाचावे. अनेक वॅक्समध्ये मध किंवा मधमाश्यांचे मेण असते. घटकांच्या यादीत ‘सेरा अल्बा’ असे लिहिलेले असल्यास ते मधमाश्यांचेच मेण समजावे. साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून केलेला पाक हा अरब देशांत परंपरेने चालत आलेला उपाय आहे. त्यात प्राणिज घटक नाही आणि खर्चही नगण्य. लावण्यापूर्वी तो पुरेसा निवला आहे, याची मात्र खात्री करावी.

दीर्घ मुदतीचे उपाय

इलेक्ट्रोलिसिसमध्ये बारीक सुईतून वीज देऊन एकेका केसाचे मूळ नष्ट करतात. अमेरिकेतील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यांत टोचणाऱ्या पापण्यांसाठी 1875 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पांढऱ्या केसांवरही ती चालते. परंतु हे काम फार संथ असल्याने हनुवटीसारख्या लहान भागासाठीच सोयीचे.

लेझर केसातील काळ्या रंगद्रव्याला तापवून मूळ निकामी करतो. साहजिकच पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असल्याने चुकीच्या यंत्राने किंवा प्रमाणाने भाजणे आणि डाग पडणे संभवते. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेझर अशा त्वचेस तुलनेने सुरक्षित मानला जातो. साधारणतः महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात आणि पुढेही अधूनमधून उजळणी करावी लागते. म्हणजे हा भांडवली खर्च खरा, पण देखभाल सुटत नाही. केस ‘कायमचे जातात’ असे नव्हे, तर दीर्घकाळ विरळ होतात, एवढेच प्रामाणिक आश्वासन देता येते.

यंत्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न गौण नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यगृहांतून ‘ट्रायको’ नावाचे क्ष-किरण यंत्र याच कामासाठी सर्रास वापरले गेले. केस गळाले, स्त्रिया आनंदल्या. पुढे वर्षांनी त्यांतील अनेकींच्या चेहऱ्यावर व्रण आणि कर्करोग उद्भवले. म्हणून लेझर त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

खात्यातील न दिसणारी नोंद

सर्वांत महत्त्वाची बाब अखेरीस. हातापायांवर थोडेफार केस असणे निसर्गाचेच लक्षण आहे. परंतु हनुवटी, छाती किंवा पोटावर राठ केस येऊ लागले, पाळी अनियमित झाली, मुरुम वा वजन वाढले, तर ते अंडाशयाच्या पीसीओएस या विकाराचे लक्षण असू शकते. केस अचानक झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर तपासणीस मुळीच विलंब नको. ‘स्थळ हातचे जाईल’ या भीतीने अनेक घरांत ही गोष्ट झाकली जाते आणि मुलीला गुपचूप सौंदर्यगृहात धाडले जाते. केस निघतात, पण विकार आत वाढत राहतो. पुढे मधुमेह वा मातृत्वातील अडचणी उभ्या राहिल्या, तर ती झाकपाक फार महागात पडते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडील वेळेवरची एक भेट आणि काही रक्तचाचण्या हा त्या मानाने किरकोळ खर्च होय. शिवाय मूळ विकारावर उपचार न करता केलेला लेझरही अपुराच ठरतो.

लग्नासाठीच तयारी करायची असेल, तर लेझरचा विचार वर्षभर आधी करावा. वॅक्सिंग समारंभापूर्वी दोन-तीन दिवस आणि क्रीमचा नवा प्रयोग आयत्या वेळी मुळीच नको. आणि कोणताही उपाय ठरवण्यापूर्वी आईने मुलीला शांतपणे विचारावे की, हे तुला स्वतःला हवे आहे, की कोणाच्या टोमण्यामुळे? त्या उत्तरावरच पुढचा खर्च करावा की नाही, हे ठरावे.