स्वमग्नतेचे निदान (लेखांक चौथा) : पाड्यापासून दाखल्यापर्यंत

मागील लेखांकात आपण स्वमग्नतेची लक्षणे पाहिली. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या आईच्या मनात ती पाहून शंका आली, तर तिने पुढे कोणती वाट धरावी, याचा विचार आता करू. पहिला अडसर बहुधा घरातच असतो. दोन वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने न दाखविता मोठ्या माणसाचा हात धरून तिच्यापाशी नेते, खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचे एकच चाक फिरवीत बसते. आणि वडीलधारी मंडळी मात्र ‘याचा बापही उशिराच बोलला’ असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. बाप उशिरा बोलला असेलही, परंतु तो बोटाने चांदोबा दाखवीत होता की नाही, हे कोणी विचारीत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून झाला, आणि पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलांची तपासणी करते आणि संशयास्पद आढळलेल्या मुलास पुढील केंद्राकडे पाठविण्याची शिफारस करते. योजना उत्तम खरी; पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब पावसाळ्याच्या तोंडाशी परतते, आणि पथक मधल्या काळात येऊन गेले असेल तर त्या मुलाची तपासणी सहजच हुकते. अशा वेळी पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेस किंवा आशाताईंस गाठून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी, हे बरे.

स्वमग्नता दाखविणारी रक्ताची तपासणी नाही. प्रथम मुलास ऐकू येते की नाही याची खात्री करून घेतात, आणि त्यानंतरचे निदान मुलाचे निरीक्षण व आईची कैफियत यांवरच उभे राहते. परक्या खोलीत मूल नुसते रडत राहिले, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून घरी खेळताना, जेवताना, हाक मारताना मोबाइलवर घेतलेली चार चित्रणे आणि कोणता शब्द कधी आला व कधी गेला याची नोंद सोबत न्यावी. कल्याणपर्यंतच्या एसटीचा खेप-खर्च आणि बुडालेली मजुरी लक्षात घेता ही तयारी क्षुल्लक नव्हे.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीतील ४० मुद्द्यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. बेरीज ७० च्या आत राहिली तर स्वमग्नता नाही, १५३ च्या पुढे गेली तर ती तीव्र. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्याने तो केला. मात्र दाखला हा सवलतींसाठी असतो. वाचोपचार त्याच्यावाचून सुरू करता येतात, आणि दफ्तरातला कागद हलेपर्यंत ते थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पुढील लेखांकात : घरच्या घरी करावयाचे खेळ.