उद्घाटनाच्या रात्री वहीत काय लिहायचं आणि काय नाही

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना वाटतं की फील्ड म्हणजे गाव, वस्ती, नाहीतर कारखाना. पण चित्रपट महोत्सवाची उद्घाटनाची रात्रसुद्धा फील्ड असते. उदाहरण म्हणून मुंबईचा 'कशिश' हा एलजीबीटी चित्रपट महोत्सव घेऊ. तो २०१० मध्ये सुरू झाला, आणि मरीन लाइन्सच्या लिबर्टी सिनेमात त्याची अनेक उद्घाटनं झाली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये कलम ३७७ शिथिल केलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. आता २०१०, २०१४ आणि २०१९ या तीन वर्षांची उद्घाटनं शेजारी ठेवून बघा. टाळ्या, दिवे, भाषणं तीच असतील, पण त्यांचा अर्थ तोच राहत नाही. हा संदर्भ सभागृहात दिसत नाही, आपल्याला तो घरून अभ्यास करून न्यावा लागतो.

दुसरी गोष्ट कागदांची. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला सिनेमा महोत्सवात दाखवायचा तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. म्हणजे हातात मिळालेली कार्यक्रमपत्रिका ही फक्त आयोजकांची आवडनिवड नसते. ती जपून ठेवा. प्रायोजकांची नावं, वक्त्यांचा क्रम, मंचावरची भाषा हेही टिपा. महोत्सव स्वतःला जगासमोर कसा मांडतो, ते यातून कळतं. मात्र हा सणाचा दिवस आहे हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लघुपटांना बसल्याशिवाय 'प्रेक्षक असे असतात' वगैरे लिहायचं नाही.

तिसरी गोष्ट: वर्णन आणि अन्वयार्थ वेगळे ठेवायचे. समजा, दिवे गेल्यावर दहा-बारा जण आत आले. वहीच्या डाव्या पानावर तेवढंच लिहा. 'ओळख लपवण्यासाठी अंधाराची वाट पाहिली' हा आपला अंदाज झाला, तो उजव्या पानावर. कदाचित त्यांची लोकल चुकली असेल! दोन्ही शक्यता नोंदवा, आणि पुढच्या खेळांनाही असंच होतं का ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कायद्याने गुन्हा नसणं वेगळं आणि घरी माहीत असणं वेगळं. सभागृहात बसलेल्या कुणाच्या आईवडिलांना, ऑफिसला, घरमालकाला काहीच ठाऊक नसू शकतं. सिनेमाला आलेला माणूस तुमच्या प्रबंधात यायला तयार आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि तो समलिंगी आहे हेही होत नाही.

'नाव बदललं की झालं' असं पुष्कळांना वाटतं. पण 'नाशिकचा, सहकारी बँकेत नोकरीला, पस्तिशीचा, तबला वाजवणारा' एवढं लिहिल्यावर नाव कशाला हवं? ओळखणारे ओळखतात. म्हणून एका व्यक्तीचे तपशील एकत्र येऊ द्यायचे नाहीत. विश्लेषणाला व्यवसाय लागत नसेल तर तो लिहायचाच नाही. प्रेक्षकांचे फोटो काढायचे नाहीत. मंचावर बोलणारी व्यक्ती जाहीरपणे बोलते, तिचं म्हणणं नोंदवता येतं. चहाच्या रांगेत कानावर पडलेलं बोलणं मात्र त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय वापरायचं नाही. मुलाखत हवी असेल तर आपली ओळख आणि विषय सांगून आपला नंबर द्या, त्यांचा मागू नका. फोन करायचा की नाही हे त्यांना घरी जाऊन ठरवू दे.

यामुळे माहिती कमी मिळेल का? मिळेल. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा: अमुक तपशील सुरक्षेसाठी गाळले आहेत, म्हणून अमुक दावा करता येत नाही. पद्धतीच्या प्रकरणात या दोन ओळी असल्या की परीक्षकाला तुमच्या दाव्यांची मर्यादा कळते, आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस पुढच्या वर्षीही निर्धास्तपणे सिनेमाला येऊ शकतो.