घोडा, फणी आणि उफणणीचा पंखा

१८४३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत जेमतेम सात वर्षांची होती. ॲडलेडच्या भोवती गहू भरभरून आला होता आणि कापायला माणूस मिळत नव्हता. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये ब्रिटनमधून हद्दपार केलेले कैदी शेतावर राबत. दक्षिण ऑस्ट्रेलिया मात्र कैद्यांविना वसवायची, असं सुरुवातीपासून ठरलेलं होतं. त्या धोरणाचा मला आदर वाटतो, पण डिसेंबरच्या उन्हात ओंब्या कडक वाळून दाणे गळायला लागले की धोरण विळा चालवत नाही. धान्यव्यापाऱ्यांच्या समितीने कापणीयंत्राच्या नमुन्यासाठी ४० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. सप्टेंबरात नमुने मांडले गेले, आणि त्यांतला एकही समितीच्या पसंतीला उतरला नाही.

हिंडमार्शला पिठाची गिरणी चालवणारे जॉन रिडली या स्पर्धेत नव्हते. नोव्हेंबरात त्यांनी स्वतःचं यंत्र थेट उभ्या पिकात उतरवलं. पुढे अणकुचीदार दातांची फणी, तिच्यावर वेगाने फिरणारे झोडपे आणि मागे एक मोठी पेटी. फणी उभ्या ताटांमधून शिरायची, मान फणीत अडकलेल्या ओंब्यांवर झोडपे बसायचे, दाणे आणि भूस उडून पेटीत पडायचं. ताट मात्र शेतातच उभं राहायचं. कापणी आणि मळणी ही दोन कामं एकाच फेरीत उरकली. इंग्लंडमध्ये हे यंत्र चाललं नसतं. तिथल्या ओलसर हवेत ओंबी चिवट राहते, झोडप्याने दाणा सुटत नाही. ॲडलेडकडच्या कोरड्या उन्हाळ्यासाठीच ते जन्मलं होतं. सकाळचं दव वाळल्याशिवाय कुणी यंत्र जुंपत नसे, आणि दिवस जितका तापेल तितकं काम सरस होई.

रिडलींनी पेटंट घेतलं नाही. ज्याला हवं त्याने बनवावं, अशीच त्यांची भूमिका होती, आणि लोकांनी ते बनवलंही. या शोधावर जॉन राथॉल बुल यांनीही हक्क सांगितला. स्पर्धेत नमुना मांडणाऱ्यांपैकी ते एक होते. हा वाद चार दशकं धुमसत राहिला आणि १८८२ साली तिथल्या संसदेने बुल यांनाही २५० पौंड मंजूर केले. श्रेय कुणाचं, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला मात्र त्या पेटीत काय साठत होतं, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पेटीत गहू नव्हता. पेटीत दाणे, भूस, तुटक्या ओंब्या, काड्यांचे तुकडे, रानओटचं बी आणि माती यांचा एकच काला होता. तो गिरणीत जात नाही, बाजारात विकला जात नाही, पुढच्या वर्षी पेरताही येत नाही.

म्हणून शेताच्या कडेला दुसरं यंत्र उभं असे. ते उफणणीचं यंत्र. त्याच्यावर लेख फारसे लिहिले जात नाहीत, आणि ते चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडचा शेतकरी खळ्यावर वावडीवर उभा राहून पाटीतून रास सोडायचा आणि वाऱ्याची वाट पाहायचा. वारा पडला की काम थांबलं. ॲडलेडच्या शेतकऱ्याने तो वारा लाकडी खोक्यात बसवून घेतला. खोक्याच्या पोटात लाकडी पात्यांचा पंखा, वर माल ओतायचं चाडं, मध्ये एकाखाली एक हलणाऱ्या चाळण्या आणि बाहेर एक लोखंडी दांडा. एकाने किंवा दोघांनी दांडा फिरवायचा, एकाने फावड्याने चाडं भरत राहायचं, एकाने खाली पडणारा गहू पोत्यात भरायचा. दांड्याच्या एका फेऱ्याला दात्यांच्या चाकांमुळे पंखा कितीतरी फेरे घेई आणि त्याच हालचालीवर चाळण्या थरथरत. हलकं भूस वाऱ्याबरोबर एका तोंडाने बाहेर उडे. वरच्या चाळणीवर न सुटलेल्या ओंब्या राहत, त्या पुन्हा चाड्यात टाकायच्या. खालच्या बारीक चाळणीतून तणाचं बी आणि माती गळे. उरे तो गहू.

हे सगळं दांडा फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून होतं. हात संथ पडला तर भूस दाण्यात राहणार. हात जोरात गेला तर चांगला दाणाही भुसाबरोबर उडणार. भर उन्हात, घशात धूळ जात असताना, दिवसभर एकाच लयीत दांडा फिरवणं ही कसबाची गोष्ट आहे. गहू बुशेलवर विकला जाई, एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरे तो या शेवटच्या चाळणीखाली. भरायची पोती तागाची असत आणि ती कलकत्त्याहून जहाजाने येत.

ॲडलेडमध्ये जे. एस. बॅगशॉ यांचा कारखाना १८३८ पासून होता, म्हणजे वसाहतीच्या जवळजवळ जन्मापासून. उफणणीची यंत्रं ही त्यांची ओळख झाली. गॉलरला जेम्स मार्टिन यांचा फिनिक्स कारखाना १८४८ साली सुरू झाला. साध्या लोहारशाळांतून वाढलेल्या या कारखान्यांनी परदेशी मालाची वाट न पाहता आपल्या मातीला लागणारी अवजारं घडवली. १८७६ साली रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी काढलेला, जमिनीतल्या बुंध्यांवरून उडी मारून पुढे जाणारा नांगर याच परंपरेतला.

पण ओंब्या ओरबाडणारं यंत्र असो की बुंध्यांवरून उडणारा नांगर, ओढायला बळ हवं होतं, आणि ते बळ जहाजातूनच यायचं होतं. १७८८ साली सिडनीला उतरलेल्या पहिल्या ताफ्यात केपहून घेतलेले मोजके सात-आठ घोडे होते. पुढे सुरुवातीच्या काळात हिंदुस्थानातून अरबी घोडे गेले, इंग्लंडमधून शर्यतीचे आले. शेतीला मात्र अंगाने जड, पावलाने शांत जात हवी होती. स्कॉटलंडमधले क्लाइड्सडेल, इंग्लंडच्या मध्य भागातले शायर आणि पूर्वेकडचे सफोक ही ती घराणी. शिडाच्या जहाजातून तीन-तीन महिने उभ्याने प्रवास करून या घराण्यांतले पैदाशीचे नर ऑस्ट्रेलियात पोहोचत. वाटेत दगावणारेही असत. पोहोचलेल्याची किंमत साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती.

यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. शेतकरी घोड्याकडे जात नसे, घोडा शेतकऱ्याकडे येई. वसंत ऋतू लागला, म्हणजे तिकडचा सप्टेंबर, की गावोगावच्या वर्तमानपत्रांत जाहिराती झळकत. घोड्याचं नाव, रंग, बाप कोण, आईचा बाप कोण, कुठल्या प्रदर्शनात बक्षीस, फी किती, आणि सोमवारी कुठल्या खाणावळीच्या तबेल्यात, मंगळवारी कुठे, असा पूर्ण मार्ग. ठरल्या दिवशी मोतद्दार हलक्या गाडीत बसून किंवा तट्टावर स्वार होऊन येई. बाजूला लगामाने धरलेला आठ-नऊशे किलोंचा नर, आयाळीत रंगीत फिती गुंफलेल्या, गुडघ्याखाली लांब पांढरे केस, खूर ताटाएवढे. आडव्या खांबाच्या एका बाजूला घोडी आणि दुसऱ्या बाजूला नर उभा करून ती माजावर आहे की नाही हे पारखलं जाई. घोडीचं दर तीन आठवड्यांनी फिरणारं चक्र लक्षात ठेवून मोतद्दार पुन्हा फेरी मारी. फीचा काही भाग लगेच आणि उरलेला घोडी गाभण ठरल्यावर, अशी सोय अनेक जण देत. अकरा महिन्यांनी शिंगरू.

या धंद्यात फसवणूकही होती. पाय अधू असलेला, दम लागणारा, पण दिसायला देखणा नर स्वस्तात फिरवणारे कमी नव्हते. फी वाचवण्याच्या मोहात शेतकरी घोडी दाखवी आणि पुढची पिढी लंगडी निपजे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरकारने पशुवैद्यांकडून नरांची तपासणी करून दाखले द्यायला सुरुवात केली. खुराजवळचं हाड वाढणं, श्वासाची घरघर असे आनुवंशिक दोष निघाले की दाखला नाकारला जाई.

शर्यतीच्या आणि अरबी नरांचा मिश्र रक्ताच्या घोड्यांशी संकर करून तयार झालेली दुसरी जात म्हणजे वेलर. न्यू साउथ वेल्सवरून तिला हे नाव पडलं. हे घोडे शेतापेक्षा पलटणीत जास्त गेले. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या धक्क्यांवर उतरून ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या रिसाल्यात आणि तोफखान्यात दाखल होत. एकेकाळी अरबी घोडा हिंदुस्थानातून तिकडे गेला होता. दोन-चार पिढ्यांनंतर त्याचं रक्त समुद्र ओलांडून असं परत आलं.

फणी, पंखा आणि घोडा यांना जोडणारा धागा होता भूस. पंख्याने उडवलेल्या भुसाचा ढीग शेतकरी जपून ठेवी, कारण कोरड्या महिन्यांत तोच घोड्यांचा चारा. घोड्याने फणी ओढायची, फणीने पंख्याला माल द्यायचा, पंख्याने घोड्याला खाऊ घालायचं.

१८८४ साली व्हिक्टोरियातल्या ड्रममार्टिनच्या शेतावर तरुण ह्यू व्हिक्टर मकाय याने वडील आणि भावाच्या मदतीने फणी आणि पंखा एकाच गाड्यावर चढवले. ओंब्या ओरबाडायच्या, मळायच्या, उफणायच्या, आणि चालता चालता स्वच्छ गहू गोळा करायचा. जेम्स मॉरो वगैरे मंडळीही त्याच सुमारास याच दिशेने धडपडत होती. मकायचं 'सनशाइन हार्वेस्टर' सर्वांत गाजलं, अर्जेंटिनापर्यंत गेलं. मेलबर्नजवळच्या ज्या ब्रेब्रुक जंक्शनला त्याने कारखाना हलवला, त्या वस्तीचंच नाव १९०७ साली सनशाइन झालं. त्याच वर्षी न्यायमूर्ती हिगिन्स यांनी याच कारखान्याच्या खटल्यात ठरवलं की अकुशल कामगारालाही कुटुंब नीट चालवता येईल इतकी, म्हणजे दिवसाला किमान सात शिलिंग मजुरी मिळायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्याचा पाया या निकालाने घातला.

तरीही बऱ्याच शेतकऱ्यांनी जुनी फणी आणि वेगळं उफणणीयंत्र सोडलं नाही. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी त्यांचा हिशेब पाहिलेला नाही. हार्वेस्टर भूस शेतभर उधळून टाकी. जुनी पद्धत ते एका जागी ढिगाने हाती देई, आणि ज्याच्या तबेल्यात आठ-दहा क्लाइड्सडेल उभे आहेत त्याला दुष्काळी वर्षी तो ढीग गव्हाइतकाच मोलाचा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात सुमारे पंचवीस लाख घोडे होते. तोवर हा हिशेब बरोबर होता. ट्रॅक्टर आला, पेट्रोलच्या डब्यांनी चाऱ्याची जागा घेतली, तेव्हा पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून गेल्या आणि भुसाचे ढीग शेतांच्या कडेवरून गेले, दोन्ही जवळपास एकदमच.