ओट्यावरचा बॉयलर

लग्नात जेवणं आटोपली की हॉलच्या कोपऱ्यात एक चकचकीत मशीन फुसफुसायला लागायचं. जगमध्ये दूध, त्यात इन्स्टंट कॉफी आणि साखर, मग नळीतून जोरात वाफ, वर चॉकलेट पावडरची चिमूट. सगळे त्याला एस्प्रेसो म्हणायचे. मीही आवडीने दुसरा कप मागून घेतलेला आहे. पण त्या मशीनमधून कॉफी निघत नसे. ते दूध तापवणारं आणि फेसवणारं वाफेचं यंत्र होतं, बाकी काही नाही. घरी एस्प्रेसो मशीन घ्यायला निघालेली पुष्कळ माणसं दुकानात अजून त्या वाफेकडेच बघत उभी असतात, म्हणून हे आधी सांगितलं.

माझी नोकरी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत बॉयलरचे गेज, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर सांभाळण्यात गेली. आता ओट्यावर एक छोटा बॉयलर आहे आणि नातेवाइकांत ही बातमी पसरल्यापासून फोन येतात. परवा भाच्याचा आला. “मावशी, प्रोफेशनल मशीन घ्यायचंय. कॅफेत असतं ना, तसलंच. कुठलं घेऊ?”

“दिवसाला कप किती?”

“दोन. रविवारी चार.”

अर्धं उत्तर इथेच मिळालं. कॅफेचं मशीन महाग असतं ते गर्दीसाठी. सकाळी रांग लागलेली असताना कपामागून कप काढले तरी पाणी गार पडू नये, वाफ कमी होऊ नये, यासाठी मोठे बॉयलर, मोठा पंप आणि कॉफी उतरायची दोन-तीन तोंडं. घरी रांग नसते. घरी आजचा कप कालच्यासारखा आला की झालं. तेव्हा कॅफेतलं नेमकं काय घरी आणायचं आणि कशावर पैसे घालायचे नाहीत, एवढाच खरा प्रश्न आहे.

एस्प्रेसो म्हणजे साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी ९ बार दाबाने रेटायचं आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट अर्क कपात उतरवायचा. ९ बार म्हणजे किती? कुकरची शिट्टी होते तेव्हा आत वातावरणापेक्षा जेमतेम १ बार जास्त दाब असतो. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट घेतलेलं आणि १९०५ पासून पावोनी यांनी बनवलेलं यंत्र वाफेच्या अशाच थोडक्या दाबावर चालायचं, त्यामुळे कॉफी झटपट मिळे पण करपट लागे. आकिले गॅजिया यांनी १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर स्प्रिंगचा दांडा आणला. दाब वाफेकडून काढून स्प्रिंगकडे दिल्यावर कॉफीवर पहिल्यांदा तो सोनेरी साय धरल्यासारखा फेस आला. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्ते यांनी दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून यंत्राचं नाव ‘ई ६१’. त्याचा पितळी ग्रुप, म्हणजे पोर्टाफिल्टर (दळलेली कॉफी भरायची मुठीची चाळणी) अडकवायचं ते जाड तोंड, जवळजवळ ४ किलो वजनाचं असतं. आजही कित्येक घरगुती मशीनवर तोच ग्रुप दिसतो.

आता दुकानातला खोका. त्यावर ठळक लिहिलेलं असतं, ‘१५ बार’. तो आकडा छोट्या व्हायब्रेशन पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला नऊच लागतात. बरं मशीन आतल्या रिलीफ व्हॉल्व्हमधून जास्तीचा दाब सोडून देतं. २० बार लिहिलं म्हणून वीस रुपयेही जास्त देऊ नका.

पैसे द्यायचे ते तापमान स्थिर ठेवण्याचे. कॉफीला ९३ अंशांच्या आसपासचं पाणी हवं, दूध फेसवायला १२० अंशांच्या पुढची वाफ. एकाच मशीनने ही दोन कामं कशी करायची, यावरून मशीनचे प्रकार पडतात. एकच बॉयलर असेल तर आधी कॉफी काढा, बटण दाबा, बॉयलर तापेपर्यंत थांबा, मग दूध. गॅजिया क्लासिक किंवा रान्चिलियो सिल्व्हिया ही या जातीची, साधी पण टणक. काळी कॉफी पिणाऱ्याने याच्या पुढे जायचं कारण मला दिसत नाही. दोन बॉयलर असतील तर कॉफीचा वेगळा, वाफेचा वेगळा, आणि कंट्रोलरवर अंश लावले की विषय संपला. ला मार्झोको या फ्लॉरेन्सच्या कंपनीने कॅफेसाठी ही रचना १९७० मध्ये आणली. घरगुती आकारात ती आता मिळते, पण आपल्याकडे लाखाच्या पुढे.

मधला प्रकार हीट एक्स्चेंजरचा. माझं मशीन याच जातीचं, आणि त्यात माझ्यातल्या जुन्या कर्मचाऱ्याला खरी गंमत आहे. वाफेचा एकच बॉयलर, त्याच्या पोटातून जाणारी एक तांब्याची नळी, आणि कॉफीचं पाणी त्या नळीतून जाता जाता तापतं. मशीन अर्धा तास नुसतं उभं राहिलं तर नळीतलं पाणी शंभराच्या वर जाऊन बसतं. त्याच पाण्याने कॉफी काढली तर कडू होणार. म्हणून पोर्टाफिल्टर लावण्याआधी ग्रुपवरचा छोटा दांडा उचलायचा आणि पाणी सोडायचं. पहिल्यांदा जाळीतून नुसतं चरचरतं, थुंकल्यासारखे थेंब उडतात, वाफेचा ढग येतो. काही सेकंदांनी चरचर विरते आणि जाळीखाली सलग, शांत धार पडायला लागते. त्याच क्षणी दांडा खाली. माझ्या मशीनला थर्मामीटर आहे, पण मी कानावरच चालवते. हे रोज करायची हौस नसेल तर दोन बॉयलरचं मशीन घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

कॅफेतली आणखी एक गोष्ट घरी यायलाच हवी, ती म्हणजे ५८ मिलिमीटरचं पोर्टाफिल्टर. हे माप सर्वांत रुळलेलं, त्यामुळे आतली जाळीची बास्केट, कॉफी दाबायचा टॅम्पर, रबरी गॅस्केट कुठूनही मिळतं. विचित्र मापाचं सुबक मशीन घेतलं की गॅस्केट कडक झाल्यावर पुरी पंचाईत.

मशीनइतकंच, खरं तर जास्त, महत्त्व ग्राइंडरला. पाण्याचा दाब ठरलेला असतो, धार किती वेगाने पडणार हे दळणच ठरवतं. जरा जाड दळलं की पाणी बारा सेकंदांत धावत सुटतं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. जरा जास्त बारीक झालं की थेंब थेंब, आणि तोंड वाकडं. पात्यांचा मिक्सर इथे कामाचा नाही, कारण त्यात भुगा आणि कण्या एकत्र निघतात. दळणारे बर, म्हणजे जात्यासारख्या दोन चकत्या, त्यांच्यातलं अंतर केसभर हलवता आलं पाहिजे. पावसाळ्यात हवा दमट झाली की पुण्यातही सेटिंग हलवावं लागतं. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर या मशीनमध्ये घालू नका, ती फुगून जाळी धरते. बिया चिकमगळूर, कूर्गच्या उत्तम मिळतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते परत ठेवा. भाजल्यावर आठ-दहा दिवस थांबावं, कारण ताज्या बियांतला कार्बन डायऑक्साइड धार फाटवतो, आणि महिना उलटला की चव बसते.

आता पाणी. यावर दुकानदार एक अक्षर बोलत नाही आणि मशीन सर्वांत जास्त मरतात ती याच्यामुळे. महापालिकेचं धरणाचं पाणी बरंच मृदू असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळलं की बॉयलरमध्ये क्षार धरतो, गिझरच्या कॉइलवर धरतो तसाच. लोक म्हणतात, मग आरओचं घालू. तेही निभत नाही. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे एक धातूची कांडी ओळखते, पाण्यातून अगदी थोडा प्रवाह जातो का हे बघून. अतिशुद्ध पाण्यातून तो पुरेसा जात नाही. कांडीला वाटतं बॉयलर रिकामा आहे, आणि पंप भरतच राहतो. शिवाय असं पाणी तांब्या-पितळेला हळूहळू खातं.

मी माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानातून कठीणपणा मोजायचं किट आणलं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, द्रावण थेंबाथेंबाने टाकायचं, रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे. नेहमीच्या जर्मन मापाच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे सुमारे १८ पीपीएम. तीन ते पाच थेंबांत रंग पालटला तर पाणी मशीनला चालेल. जास्त लागले तर आरओचं पाणी मिसळून खाली आणायचं. टीडीएस मीटर सोयीचं आहे, पण ते विरघळलेलं सगळंच मोजतं. क्षार किती धरणार हे त्यावरून नेमकं कळत नाही.

दुधाचं थोडक्यात. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, त्यामुळे न उकळता फ्रिजमधून थेट जगमध्ये घ्या. तापवून साय धरलेलं दूध गाळलं तरी त्याचे तुकडे राहतात आणि वाफेच्या नळीची भोकं बुजतात. जग हाताने धरवेनासा झाला, साधारण ६० ते ६५ अंश, की थांबायचं. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची. ही सवय नसेल तर आठवड्यात नळी आतून आंबते. बिनभोकाची बास्केट लावून ग्रुप उलट्या दाबाने धुणं, जाळी काढून घासणं, हेही आलंच. आमच्या घरी या कामाला दुसरं कुणी हात लावत नाही. मशीन घेणाऱ्याने हे गृहीत धरावं.

वीज विसरू नका. घरगुती मशीनचा हीटर दीड किलोवॉट किंवा वर जातो. १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवं, कारण धातूचं अंग, पाणी आणि वीज एकत्र आहेत. अमेरिकेहून कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर नको म्हणा, तिथलं मशीन साधारण ११०-१२० व्होल्टचं असतं. ई ६१ ग्रुप नीट तापायला अर्धा ते पाऊण तास लागतो, म्हणून मी १६ अँपिअरचाच टायमर लावला आहे. उठायच्या आधी मशीन आपणहून तापायला लागतं.

भाच्याला मी शेवटी सांगितलं ते असं. पैशाचा निम्म्याच्या जवळपास भाग ग्राइंडरला राखून ठेव. दूध घालूनच पिणार असशील तर दोन बॉयलर किंवा हीट एक्स्चेंजर बघ, नाही तर एक बॉयलर पुरे. घरात कुणाला रोज पंधरा मिनिटं द्यायची नसतील तर इटालियन मोका पॉट किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आणि ताज्या बिया घे, त्यानेही सकाळ चांगली जाते. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी विचार, या मॉडेलचं ग्रुप गॅस्केट आणि पंप तुमच्याकडे आत्ता कपाटात आहेत का? तो कपाट उघडून दाखवत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.