पॅकिंग वाढलं की कीट चुकलं?

राळेगणसिद्धी गाजलं ते पाणलोटाच्या कामासाठी आणि दारूबंदीसाठी. १९७५नंतरच्या काळात इथल्या हातभट्ट्या बंद झाल्या. अल्कोहोल मात्र गावात परत आलंच, गाड्यांच्या टाकीतून. २०२३पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. उसाच्या जिल्ह्यात त्याचं नवल नाही. नवल वाटतं ते जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलल्यावर.

१ एप्रिल २०२०ला बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकलींत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं. पण वाडेगव्हाण फाट्यापर्यंत दुधाचे कॅन नेणारी जुनी गाडी अजून कार्बोरेटरवरच चालते. तो घरी खोलणारेही पुष्कळ. खोलणं सोपं असतं, बसवताना घाम फुटतो.

पहिली तक्रार ठरलेली: खालच्या वाटीचं पॅकिंग आता खाचेत मावत नाही, म्हणजे दुरुस्तीचं कीट दुसऱ्याच गाडीचं! बहुतेक वेळा तसं नसतं. साधं नायट्राइल रबर पेट्रोल पिऊन फुगतं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात आणखी फुगतं. वर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा बसला तर पाहायलाच नको. खाच तेवढीच, रबर लांब झालेलं. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर येतं. मी एकदा वैतागून जास्तीचा तुकडा कात्रीने कापला होता. दुसऱ्या दिवशी नेमकं त्या जोडातून पेट्रोल गळून चप्पल भिजली. करायचं एवढंच की पॅकिंग पुसून सावलीत कागदावर पसरायचं. पेट्रोल उडून गेलं की ते बरंचसं मूळ मापावर येतं. तरीही मावलं नाही, चिरलं किंवा कडक झालं, तर मात्र नवं घ्या. व्हायटॉनचं मिळालं तर उत्तम, ते फारसं फुगत नाही. आणि क्लीनर मारायच्या आधी सगळं रबर काढून ठेवा.

‘थोडा सिलिकॉन बॉण्ड लावला की झालं’ हा या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. साधा सिलिकॉन पेट्रोलात टिकत नाही. त्याचे तुकडे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात.

जेट तारेने साफ करतात, तेही थांबवायला हवं. पितळ मऊ असतं. बऱ्याच जेटवरचा आकडा हा छिद्राच्या व्यासाचा असतो: ३५ म्हणजे ०.३५ मिलिमीटर. ते कोरून ०.४० झालं, तर छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. मग ‘गाडी पेट्रोल पिते’ म्हणून पंपाला दोष द्यायचा! क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

एअर स्क्रूवरची ओ-रिंग म्हणजे मुगाच्या डाळीएवढी वस्तू. स्क्रू बाहेर येतो, ती आतच चिकटून राहते. आपण कीटमधली नवी घालतो आणि स्क्रू अडतो. जोर लावायच्या आधी बॅटरी धरून छिद्रात बघा. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, शेवटी ओ-रिंग. आणि तळापर्यंत आवळायचा म्हणजे हलक्या बोटांनी. जोराने आवळला तर टोक मोडून आतच राहतं.

फ्लोटची पिन निघत नसेल, तर हातोडी नको. ती ज्या दोन पायांत बसते ते ठिसूळ असतात. एक मोडला की बहुधा अख्खा कार्बोरेटर बदलावा लागतो. तेल सोडा, पायाला खालून आधार द्या, मग बारीक खिळ्याने ढकला. पिनेला एका बाजूला डोकं असलं, तर उलट बाजूने.

सुईची क्लिप खालच्या खाचेत टाकली की पेट्रोल कमी जातं, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे: क्लिप खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त.

एक्सिलेटरच्या वायरची स्लाइड मात्र कधीच दाबून बसवू नका. तिची खाच बॉडीतल्या पिनेवर आली, तर ती आपल्या वजनाने खाली जाते. जबरदस्तीने बसवलेली स्लाइड उघडीच अडकली, तर मूठ सोडली तरी गाडी पळत राहते. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी मूठ चार वेळा पिळून सोडा. दर वेळी आतून ‘खट्’ आवाज आला पाहिजे.